हात काढला की रेघ सरळ

बँगोर,
मंगळवार, १९ फेब्रुवारी

रोलांद,

तू बरी असशील. गुडघे दुखत असतील तर ते आईचे गुडघे आहेत, दुखणारच. इथे कमरेइतका बर्फ आहे, म्हणजे तिकडे खोऱ्यात खांद्याइतका असेल. अकरा वर्षांनी चिठ्ठी आली म्हणून कोण गेलं ते शोधत बसू नकोस. कोणी गेलेलं नाही. एक पाल मेली, ते पुढे सांगते.

मी अजून कॉलेजात प्राण्यांच्या खोलीत काम करते. गिरणी बंद पडल्यापासून हेच. बाहेर सगळं गोठलेलं आणि आत चाळीस पाली दिव्याखाली शेकत बसलेल्या. त्यांना रातकिडे घालायचे, पेट्या पुसायच्या. नातू एकच असला तरी इथे सगळे मला आजी समजून मेमेच म्हणतात.

मारेन म्हणून एक मुलगी आहे, तिशीची, मिनेसोटाची. पाल भिंत चढते तेव्हा कुठल्या पायाने किती जोर लावते, ते ती मोजते. हसू नकोस, पाच वर्षं ती तेच करते आहे. एक उभी फळी, तिच्यात पत्त्याएवढी पातळ पट्टी बसवलेली. पालीचा पाय पट्टीवर पडला की पडद्यावर रेघ उडते. पुढचे पाय भिंतीला ओढून धरतात आणि मागचे ढकलतात, एवढं मलाही कळलंय. दोन पाय एकदम पडले तर ती फेरी फुकट. मध्येच थांबली तर फुकट. शेपूट टेकली तरी फुकट. दिवसाला चार चांगल्या मिळाल्या की मारेन गाणं म्हणते. भयंकर म्हणते.

पाल सोडायचं काम माझं. पोरांच्या हातातून ती उधळते, माझ्या हातातून शांत सुटते. उजवा हात फळीच्या बुडाशी टेकवायचा, मूठ उघडायची आणि हात तसाच राहू द्यायचा.

ऑक्टोबरात रेघ बिघडली. पाय पडायच्या आधी ती सपाट हवी, तर करवतीसारखी दातेरी यायला लागली.

"मेमे, हा गरम हवेचा पंखा असणार," मारेन म्हणाली.

"असेल," मी म्हटलं.

मग तिला वाटलं, लिफ्ट. मग शेजारच्या खोलीतला फ्रीज. तिने टेबलाच्या पायांखाली रबर घातलं, दारावर 'पाय आपटू नका' अशी पाटी लावली. मी ती पाटी सरळ करून दिली. जानेवारीत तिने शेवटी पंखाच बंद केला. पाली गारठल्या, चढेनात. सतरा नंबरची, तुटक्या शेपटीची, सगळ्यांत खादाड, ती सकाळी उलटी पडलेली. मी ती कागदात गुंडाळली. मला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, म्हणून थोडा वेळ उभी राहिले, मग पेटी धुतली.

मारेन जमिनीवर बसून म्हणाली, "हिवाळ्यातल्या एकशे चाळीस फेऱ्या फेकायच्या, मेमे. मे महिन्यात परीक्षक येणार. दाखवू काय, माझं तोंड?"

मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. वर्तमानपत्र धरून हात मांडीवर ठेवला की ते आपोआप फडफडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "पंखा चालू कर."

"मेमे, आत्ता नको ना..."

"चालू कर म्हणते ना. आणि पडद्याकडे बघ, माझ्याकडे नको."

हात टेकवला, करवत. काढला, सरळ. पुन्हा टेकवला, करवत. मग तिने माझ्या हाताकडे बघितलं.

"कधीपासून?"

"पाल मरायच्या आधीपासून."

ओरडायचा हक्क होता तिला. ओरडली नाही, नाक शिंकरलं. मग म्हणाली, "थरथर एका तालात आहे. एका तालात असेल तर गणिताने वजा करता येईल. पण नुसता हात वेगळा मोजावा लागेल."

पालीच्या जागी मी बसले. एक मिनिट. मग ती म्हणाली, "आता हात थांबवून बघा." मी दात आवळले, श्वास धरला. रोलांद, रेघ आणखी उंच गेली.

मुलीच्या फेऱ्या वाचल्या. पट्टीवर आता पाल दुसरंच कोणी सोडतं.

मग मी डॉक्टरकडे गेले. त्याने मला पालीसारखं व्हरांड्यात चालवून बघितलं आणि नाव सांगितलं. नाव तुला माहीत आहे. पपांच्या त्याच दुखण्याचं घरात नऊ वर्षं तू केलंस. नातवाला अजून सांगितलेलं नाही.

त्या नाताळच्या जेवणाचं लिहायला बसले होते, तर बघ किती पानं पालींवर घालवली. पपांच्या चमच्यातून वाटाण्याचं सूप माझ्या नव्या झग्यावर सांडलं आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मुद्दाम करता तुम्ही, लक्ष वेधायला." पपांनी चमचा ताटाशेजारी सरळ ठेवला. त्यानंतर चारचौघांत कधी जेवले नाहीत, हे तू मला त्यांच्या दफनाच्या दिवशी सांगितलंस आणि दार दाखवलंस. बरोबर दाखवलंस. तेव्हा मी तुला उलट बोलले, ते चूक होतं.

सोबत कागद पाठवते. त्यावरची रेघ माझी आहे. मारेनने प्राण्याचा नंबर लिहायच्या जागी माझं नाव लिहिलंय. पहिला भाग नुसता हात. पेन्सिलीची खूण केली आहे तिथून पुढे मी थांबवत होते. तिथूनच बघ. पपांचा हात कोणी मोजला नाही, पण मोजला असता तर असाच आला असता.

अक्षर खाली खाली मुंग्यांसारखं होत गेलंय. ते कागद वाचवायला नाही. पपांच्या शेवटच्या चिठ्ठ्या आठव आणि भिंग घे. सहावीतून मला बटाटे काढायला शेतात नेलं तेव्हाही माझं अक्षर याहून बरं होतं.

तू त्यांना सूप दोन कानांच्या कपातून द्यायचीस, तो निळा. अजून असेल तर पाठव. उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल, कप मात्र कागदात नीट गुंडाळ.

तुझी थोरली,
जिल्बर्त