मलावीहून आलेले शेंगदाणे

आई, मी एक संस्था काढलीय. ऐकून तुला हसू येईल. तुझ्या वेळी आपल्या गल्लीत संस्था म्हणजे जयंतीची वर्गणी मागायला येणारी पोरं. माझ्या संस्थेचं काम समुद्रापलीकडे चालतं, आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या देशात. "हितली गरिबी संपली व्हय गं?" असं तू विचारशील. सगळेच विचारतात. नातेवाइकांनी विचारलं, बँकेतल्या जुन्या साहेबांनी विचारलं, रिक्षावाल्यानंसुद्धा सोडलं नाही. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देते. खरं उत्तर एवढंच, की तिकडचा एक मुलगा माझ्या घरी राहायला आला, मला आई म्हणू लागला आणि घरचाच झाला.

तो सोलापुरात फार्मसी शिकायला आला होता. खोलीसाठी सगळी कॉलनी फिरला. कुणी म्हणालं भाडेकरू ठरलाय, कुणी म्हणालं आम्ही फॅमिलीलाच देतो. दारातून परत फिरणाऱ्या माणसाची पाठ मला लगेच ओळखू येते, लहानपणी तुझ्यामागून चालताना ती पुष्कळ बघितलीय. मी वरची खोली त्याला दिली. पहिल्याच आठवड्यात माझी ज्वारीची भाकरी हातात घेऊन तो म्हणाला, हे धान्य आमच्याकडे पण आहे, आजी पिकवते. बोलता बोलता कळलं की आजीच्या गावात पिठाची गिरणी नाही. बायका डोक्यावर धान्य घेऊन लांबच्या गावी जातात, सकाळी निघालेल्या दिवस कलताना परततात. मी तेव्हा नुकतीच रिटायर झाले होते, घरात बसून भिंतींशी भांडायची वेळ आली होती. बँकेतल्या मैत्रिणी आणि कॉलनीतल्या बायका गोळा केल्या. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकली, ओळखीच्या लोकांपुढे हात पसरले, परवानग्यांपायी चपला झिजवल्या. शेवटी त्या गावात गिरणी बसली. तिचा फोटो फोनवर आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

मध्यंतरी शिक्षण संपवून मुलगा गावी गेला होता. आता पदवीचं प्रमाणपत्र न्यायला तो परत आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा पुरचुंड्याच जास्त होत्या. भाजून मीठ लावलेले शेंगदाणे. गावातल्या घराघरातून मूठमूठ गोळा करून बायकांनी रंगीत फडक्यांत बांधून दिले होते, सोलापूरच्या बायकांसाठी. सोलापूरला शेंगदाणे! आमच्या बैठकीत आधी हशाच पिकला.

मग अडचण निघाली, आणि ती मीच करून ठेवलेली होती. ग्राहकाकडून पेढासुद्धा घ्यायचा नाही, या शिस्तीत मी बँकेतली नोकरी काढली. त्याच शिस्तीनं संस्थेचे नियम लिहिताना मी एक कलम घातलं होतं, की ज्यांना मदत करतो त्यांच्याकडून आपण काहीही स्वीकारायचं नाही. मला त्या कलमाचा फार अभिमान. एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी तेच वाचून दाखवलं. माझी जुनी मैत्रीण, नवी पेठेतल्या कापडवाल्यांच्या घरातली, घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारी, बँकेत कायम माझ्या शेजारच्या काउंटरवर बसायची. ती म्हणाली, "दान दिलंय बघ आपण. दिलेल्याचं परत काही घेत नसतात. आमच्यात तर नाहीच." मीही मान डोलावली. मुलाला सांगितलं, त्यांना निरोप दे, पोचलं म्हणावं.

तो म्हणाला, "पोचलं का, असं नाही विचारणार. खाल्लं का, असं विचारतील."

प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, मग खाल्लं म्हणून सांग की. आजीशी मी खोटं बोलत नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं उरलेलं सांगितलं. गिरणी बसलीय, पण तिला कुलूप आहे. बायका अजून लांबच्याच गावी दळायला जातात. आजीनं सगळ्यांना सांगितलंय, आपल्या हातचं त्या खातात का ते आधी कळू दे. खात नसतील तर त्यांची गिरणी आपली होणार नाही, त्यांची भीकच राहील.

आई, त्या क्षणी मला तुझा पितळी डबा आठवला.

तू चादरीच्या कारखान्यात घड्या घालायचीस. मालकीण कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहायची. ती खरंच चांगली होती. माझी पुस्तकं तिनंच घेऊन दिली. थंडीत चादर, दिवाळीत फराळ, कधी विसरली नाही. एका वर्षी जयंतीला तू पहाटे उठून पुरणपोळ्या करतेस, डबा चिंचेनं घासतेस, वर स्वच्छ फडकं बांधतेस आणि माझा हात धरून तिच्या जिन्याशी उभी राहतेस. ती वरून हसून म्हणते, "ठेव की तिथं कट्ट्यावर." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा परत मिळतो. जड. फडक्याची गाठसुद्धा तूच मारलेली. घरी येताना मी विचारते, त्यांना गोड आवडत नाही का. तू डबा दुसऱ्या हातात घेतेस. मग म्हणतेस, "बाई वाईट न्हाय गं. लई दिलंय तिनं आपल्याला. फकस्त आपल्याकडनं तिला काय नको हाय."

आणि दिवाळीत ती फराळाचं ताट घेऊन खाली आली तेव्हा तू दोन्ही हात मागे घेतलेस. "बाईसाहेब, माझ्या पोळ्या खाल्ल्या असत्या तर ह्ये घेतलं असतं. आता न्हाय घेववत." करंज्यांवर डोळा ठेवून बसलेली मी घरापर्यंत भोकाड पसरून आले. तू मला रडू दिलंस, समजावलं नाहीस. तुझं काम टिकलं, कारण घड्या घालायला तुझ्यासारखा हात त्यांना मिळत नव्हता. फराळ मात्र त्यानंतर कधी आला नाही.

आणि मी? मालकिणीनं जे मनातल्या मनात पाळलं, ते मी कलम म्हणून लिहून ठेवलं होतं. प्रामाणिकपणाच्या नावाखाली, शुद्ध मराठीत. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परत बोलावलं आणि डब्याची गोष्ट सांगितली. बँकेत इतकी वर्षं काढली, सगळ्यांना माझी जात माहीत होती, पण तिचा उच्चार आम्ही कुणी कधी केला नव्हता. सांगताना मी मैत्रिणीकडे बघायचं टाळत होते. कारण आणखी एक गोष्ट मला माहीत होती. माझ्या घरी ती चहा घ्यायची, केळं घ्यायची. पण ताट वाढलं की तिला उपास असायचा, नाहीतर पित्त झालेलं असायचं. मी ते कधी तोंडावर आणलं नाही. मैत्रीण गमवायची भीती होती, दुसरं काय.

पुरचुंड्या सोडून मी शेंगदाणे ताटात ओतले. कुणी हालेना. मुलगा आजीला दाखवायला व्हिडिओ घेत, हातात मोबाइल धरून उभा. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. सोमवार होता, पण शेंगदाणे उपासाला चालतात, त्यामुळे तिची तीही वाट बंद. तिला ते कळलं आणि मला कळलंय हेही कळलं. तिचे डोळे भरून आले. तिनं मूठभर उचलले आणि तोंडात टाकले. "खारट आहेत गं," ती म्हणाली, "पण चांगलेत की." मग सगळ्याच बायका ताटावर तुटून पडल्या. ते कलम आम्ही त्याच दिवशी काढून टाकलं.

मुलगा गावी पोचला. काल त्याचा फोन आला. व्हिडिओ सगळ्या गावानं बघितला, बायका आम्हाला पोट धरून हसल्या, म्हणे आम्ही फार हळू चावतो. गिरणीचं कुलूप निघालं. मागे तिचा आवाजही येत होता. मग तो म्हणाला, "आई, आजी विचारते, ताटाजवळ उभी असलेली बाई का खात नाही?"

ताटाजवळ मीच उभी होते. मी तो व्हिडिओ उघडून बघितला. सगळ्या खातायत, आणि मी एकटी मैत्रिणीच्या तोंडाकडे बघतेय, ती गिळते का म्हणून. शेवटपर्यंत तेच बघतेय. इतकं चांगलं काही समोर घडत असताना मला फक्त तेवढंच बघता आलं, याचं वाईट वाटतं गं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. तरी तुलाच सांगते. काल फोनवर मी आजीला सांगायला लावलं, की मी नंतर खाल्ले. खरं तर तोवर खाल्ले नव्हते. एक पुरचुंडी ठेवून दिली होती. ती आत्ता, तुला लिहिता लिहिता, सोडली आणि खाल्ले.