वन्सं आणि आस्पिरातेर

१४ नोव्हेंबर १९६१

आज पुन्हा तोच आवाज! आस्पिरातेर लावला आणि वाटलं, पत्र्याच्या डब्यात कोणी गोटे घालून हलवतंय. दचकून बटण बंद केलं. हे आतल्या खोलीतून खोकत विचारू लागले, काय पडलं? काही पडलं नाही. धूळ ओढायचं मशीनच ओरडतंय.

दिवाळीपर्यंत किती गुणी होतं. हळू गुणगुणत गालिच्यावरून फिरायचं आणि सगळी धूळ पोटात घ्यायचं. यांच्या दम्याला धूळ अजिबात चालणार नाही, घरात झाडू फिरवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून माझ्या मुलानं, गजेंद्रनं ते आणलं. आणि त्याच दिवशी घरातले सगळे झाडू उचलून देऊन टाकले. वन्संचा हिरांचा झाडूसुद्धा.

तो द्यायला नको होता.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. बसंती त्यांचं नाव, पण या घरात नावानं त्यांना कोण हाक मारणार? मी नवी नवरी होऊन बो बासें गावात आले तेव्हा त्या नुकत्याच विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या. तेव्हापासून घर त्याच झाडत आल्या. गेल्या वर्षी बेटावर आलेल्या वादळात जुनं लाकडी घर गेलं, हे सिमेंटचं उभं राहिलं, तर पहिल्या दिवशी कंबर बांधून झाडू घेऊन उभ्या! आता हात मांडीवर ठेवून बसतात. म्हणतात, ऊस संपला की लॉंग माउंटनला जाते. तिथं त्यांच्या दिराचा मुलगा आहे, राधाकृष्ण. त्याची लॉरी ऊस वाहते. कारखाना बंद झाला की तो न्यायला येईल.

त्यांनी जाऊ नये. मला एवढंच हवंय. पण कसं थांबवायचं ते कळत नाही.

१६ नोव्हेंबर

गजेंद्र ऑफिसातून आला आणि बाह्या सरसावून बसला. पिशवी काढून झटकली — रिकामी. नळी डोळ्याला लावून दुर्बिणीसारखी बघितली — मोकळी. मग नळी काढून नुसतंच मशीन लावलं. तरी तोच खडखडाट. म्हणाला, बिघाड मोटरमध्ये आहे. शिक्षण खात्यातल्या कारकुनाला यापुढचं काय कळणार! पेचकस टेबलावर टाकून चहा मागितला.

वन्सं दारात उभ्या होत्या. मशीन लावलं की हल्ली त्या येऊन उभ्या राहतात. आम्ही दोघं कानांवर हात ठेवून बसलेलो, आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “काय झालंय त्याला? चांगलं तर चालतंय.”

त्या गेल्यावर गजेंद्र म्हणाला, ऐकलंस ना आई, कसा टोमणा मारला? आत्यानंच काहीतरी केलंय बघ. झाडू गेला तेव्हापासून मशीन तिच्या डोळ्यांत खुपतंय.

मी म्हटलं, गप्प बस. पण मनात आलं — दिवाळीनंतरच कसं बिघडलं?

अशी शंका यावी याचीच लाज वाटली.

१७ नोव्हेंबर

वन्संना दोनदा जेवायला हाक मारली. आल्या नाहीत. रागावल्या आहेत.

२० नोव्हेंबर

रोझ हिलला एका दुकानात मशीन घेऊन गेले. मेकॅनिकनं कान लावला, मान हलवली, म्हणाला, बेअरिंग गेलं असेल, नाहीतर मोटरमधले कार्बनचे कोळसे झिजले असतील. सुटा भाग बोटीनं यायचा, म्हणजे नवीन वर्षानंतर. मशीन ठेवून जा म्हणाला. मला धीर झाला नाही. टॅक्सीत मांडीवर घेऊन परत आणलं, आजारी पोराला आणावं तसं.

उसाची जळकी पानं वाऱ्यावर येतात, खिडकीच्या काठावर काळी भुकटी बसते. घर पुसायला हवं. ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसले. कॉन्व्हेंटात आम्ही मुली पायाखाली अर्धा नारळ धरून लाकडी जमीन घासायचो — एक पाय नारळावर, एक जमिनीवर, नाचल्यासारखं. मेणाचा वास. कोणी हसलं तर मदर नुसतं बोट ओठांवर ठेवायची. मुलीचा आवाज पुढच्या बाकापर्यंत जाता कामा नये, असं तिचं सांगणं. तो आवाज माझ्या गळ्यात तसाच बसला. हे लग्नानंतर थट्टेनं म्हणायचे, बायको बोलते की मनात प्रार्थना करते!

किती लांब राहिलं सगळं.

वन्सं आल्या. माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि स्वतः पुसायला बसल्या. या वयात, पाठ वाकवून. मी त्यांच्या मागे उभी होते. सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, “वन्सं, राहा ना इथंच. जाऊ नका.”

त्या पुसत राहिल्या. मान वळवली नाही.

हेच उत्तर. यापुढे मी काय करू?

२३ नोव्हेंबर

रात्रीच्या जेवणाला गजेंद्रनं विषय काढलाच. ताटातून मान वर न करता म्हणाला, आत्या, मशीनला कोणाची नजर लागली म्हणायची? मी त्याला डोळ्यांनी दटावलं. वन्सं त्याच्याकडे बघून हसल्या आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला. तो तर लालच झाला. मला म्हणाला, बघितलंस, हसते वर!

भांडी आवरताना वन्सं आपल्याशीच म्हणाल्या, या घरात आता माझ्याशी कोणी बोलत नाही.

मुलगा असं बोलल्यावर त्या दुसरं काय म्हणणार! मी ताटल्या पुसत राहिले. गजेंद्रच्या वतीनं माफी मागावी असं वाटलं, ओठ हललेसुद्धा. पण त्या तोवर अंगणाकडे वळल्या होत्या.

२४ नोव्हेंबर

यांना आज फार धाप लागली. उशा रचून बसवलं. मी नुसती हात धरून बसले.

२७ नोव्हेंबर

आता जे होईल ते होवो म्हणून मशीन मीच उघडलं.

यांना खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं. शिवणयंत्राच्या खणातला पेचकस घेतला. हे तिथून धापा टाकत सूचना देत होते — स्क्रू बशीत ठेव, कुठला कुठला ते ध्यानात ठेव. मी म्हटलं, बोलू नका, दम लागेल. तर म्हणाले, तू उघडतेस हे बघूनच दम लागलाय.

मागचं झाकण निघालं. मोटर. मोटरीपुढे पत्र्याचा पंखा, त्यावर टोपी. टोपी काढली तर आत पिवळं काहीतरी. आधी वाटलं गंज. बोटानं उचललं — तांदूळ! हळद लावलेले अखंड तांदूळ. साळीच्या लाह्यांचा चुरा. आणि पंखा नि टोपीच्या मध्ये घट्ट अडकलेलं सुपारीचं खांड. पंख्याचं एक पातं त्यानं वाकलं होतं.

मग उलगडलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी पिशवी आणि पंख्यापुढची कापडी जाळी धुऊन दोरीवर वाळत टाकली होती. मशीन पोट उघडं ठेवून देवघराच्या कोपऱ्यात होतं. दुसऱ्या दिवशी न बघताच जाळी नि पिशवी बसवली. कडेला लाल डाग दिसला होता तोही मी रंगाचा समजले. कुंकू होतं ते.

वन्सं बाजूला येऊन बसल्या होत्या. मी तळहात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तांदूळ बघितले आणि लहान मुलीसारख्या ओशाळल्या.

“घर झाडते ती लक्ष्मी,” म्हणाल्या. “दर दिवाळीला मी झाडूला हळदकुंकू वाहायची, लाह्या वाहायची. झाडू तुम्ही काढलात. मग हिलाच पुजली. माझ्या भावाचा, देवराजाचा श्वास हिच्याच हातात आहे ना बाय.”

यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

गजेंद्रला संध्याकाळी सांगितलं. तो उठला. आपलं ताट उचललं आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसला. त्यांनी सवयीनं त्याच्या पानात भात वाढला. त्यानं मुकाट्यानं सगळा खाल्ला.

२९ नोव्हेंबर

पक्कडीनं पातं सरळ केलं. आतून फडक्यानं पुसलं. बशीतले स्क्रू सगळे लागले — एकही उरला नाही! यांनी टाळ्या वाजवल्या. बटण दाबलं. पूर्वीसारखं गुणगुणत चाललं, इतकं हलकं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

आता सगळं ठीक होईल असं वाटलं होतं. पण वन्संनी ट्रंक काढली. राधाकृष्णचा निरोप आलाय, कारखाना बंद झाला, शनिवारी येतो.

दुपारी यांनी त्यांना जवळ बसवलं. यांचा आवाज म्हणजे आता नुसता वारा. त्या वाऱ्यातच म्हणाले, अक्का, जाऊ नको. वन्संनी यांच्या अंगावरची चादर नीट केली, कपाळावरून हात फिरवला आणि विचारलं, पाणी हवं?

त्या उठून गेल्यावर हे रडले. म्हणाले, तिनं ठरवलंय. धाकट्याचं ऐकणार नाही.

माझं विनवून झालं, यांचं विनवून झालं. मशीनच्या पोटात काय अडकलंय ते पेचकसानं तरी कळतं. माणसाचं काय करायचं?

१ डिसेंबर

ट्रंक भरली. प्रवासाला म्हणून पुऱ्या केल्या. लॉंग माउंटन ते काय, लॉरीनं असं जाणं! तरी केल्या.

२ डिसेंबर

सकाळी त्यांच्या खोलीत आस्पिरातेर लावला. निदान आज तरी खोली त्यांच्यासमोर स्वच्छ व्हावी. वन्सं माझ्याकडे पाठ करून शेवटच्या साडीची घडी घालत होत्या. माझा अर्धा गालिचा झाला. त्या वळल्या, मला नळी धरून उभी बघितलं आणि म्हणाल्या, “लाव ना गो. कशाची वाट बघतेस?”

मशीन चालू होतं, आणि त्यांना ते ऐकूच येत नव्हतं.

मी त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. “वन्सं, जाऊ नका!” शेजारची पुष्पा धावत खिडकीशी आली.

वन्सं माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग ट्रंकेवर बसल्या.

“मग हे इतके दिवस बोलली का नाहीस?”

बाहेर राधाकृष्ण हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. तो आलाय हे मी त्यांना सांगितलं नाही.