काळजीवाहू

छत्रपती संभाजीनगर,
शनिवार, १८ मे २०२४

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहिताना हात अजून 'सौ.'कडे जातो. हिमांशूला जाऊन दोन वर्षं झाली, हाताला ते कळत नाही.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी मनू मजेत आहे. नळाला आज नवव्या दिवशी पाणी आलं. समोरच्या माळावर, जिथं तू होतीस तेव्हा म्हशी चरायच्या, तिथं आता सात मजले उभे आहेत. त्यांचा बोअर इतका खोल गेला की आपला आटला. तुझ्या सासूबाईंनी कळशीपासून वाटीपर्यंत सगळं भरून ठेवलं आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण सोबत कागद पाठवायचा आहे, आणि पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस कागदाबरोबर पत्र जोडल्याशिवाय राहत नाही.

तू पुण्याहून आमचं नाव त्या ऑनलाइन पालकत्व वर्गात घातलंस. दर गुरुवारी अकराला मी मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून बसतो. विशाखाताई शिकवतात. पिशोरच्या पारूबाई नातवाला कडेवर घेऊन गच्चीवरून बोलतात, कारण खाली रेंज नसते. परवा त्या म्हणाल्या, "ताई, पोराला रागवायचं नाय म्हणता, बरं. पण त्यानं पिण्याच्या पाण्यात चप्पल धुतली, मंग?" ताई म्हणाल्या, हे पुढच्या गुरुवारी घेऊ.

वर्ग चांगला आहे. पण पहिल्या दिवसापासून मला एक गोष्ट खुपत होती. ग्रुपवर नावांची यादी आली, त्यात माझ्यापुढं लिहिलं होतं, 'काळजीवाहू'. आजोबा नाही, काळजीवाहू. त्यातून निवडणुकीचे दिवस. पेपर वाचणाऱ्या माणसाला हा शब्द एकाच ठिकाणी भेटतो, काळजीवाहू सरकार. नवं येईपर्यंत खुर्ची सांभाळायची, मोठा निर्णय घ्यायचा नाही. फॉर्म तू भरलास, म्हणजे शब्दही तुझाच, असं मी धरून चाललो.

मग सगळंच निराळं दिसायला लागलं. ताई विचारायच्या, मूल जेवताना मोबाईल बघतं का, झोपतं कोणाजवळ, आईशी बोलतं का. मी आयुष्यभर तपासणीला आलेल्या साहेबांना चहा पाजलाय. असे प्रश्न कशासाठी विचारतात ते मला ठाऊक आहे. मी तोलून मापून उत्तरं द्यायला लागलो.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, वर्ग आहे की कोर्ट? त्या शिकवणाऱ्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं. तुमच्या जानव्याच्या किल्लीसकट."

किल्लीचं पुढं लिहितो.

नऊ तारखेच्या वर्गात ताईंनी सांगितलं, दहा मिनिटं मुलाला हवं ते खेळू द्या, शिकवू नका, नुसते जवळ बसा. मनूनं 'पाणी आलं, पाणी आलं' सुरू केलं. रिकाम्या वाट्या ओळीनं मांडून खोटं पाणी भरत होती. एक आप्पांची, एक आजीची, एक तिची. चौथी तिनं काठोकाठ भरली, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली आणि कपाटाखाली सरकवली. "ही आईची. कुणी हात लावायचा नाही."

मी कॅमेरा बंद केला. ताईंना म्हणालो, रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझा मेसेज आला, "आप्पा, मनूचा जन्मदाखला सापडला का?" ताई तुला सगळं कळवतात, अशी माझी खात्रीच पटली. वाटीची बातमी पुण्याला पोचली.

परवा वर्ग संपल्यावर मी ताईंना फोन केला. "माझ्या सुनेला तुम्ही काय काय कळवता?"

"मी? आजोबा, त्यांच्याशी एकदाच बोलले, नाव नोंदवताना. का हो, काय झालं?"

"आणि ते काळजीवाहू?"

"तो शब्द आमच्या फॉर्ममध्ये छापीलच आहे. सगळ्यांपुढं तोच आहे. यादी पाहिली नाही का तुम्ही?"

मी फक्त माझी ओळ पाहिली होती. पस्तीस वर्षं याद्या तपासलेल्या माणसानं! चष्मा पुसून पुन्हा वाचायला घेतलं. पारूबाई, काळजीवाहू. सिल्लोडची एक बाई तर मुलाची सख्खी आई, तीही काळजीवाहू. मग आपली ओळ आली. माझ्या नावाच्या वर तुझं नाव होतं, वैदेही. तुझ्यापुढंही तेच.

गुरुवारी अकराला तू कामावर असतेस, वर्गात कधी दिसली नाहीस. पण तू स्वतःचं नावही घातलंस, हे मला तू सांगितलं नव्हतंस. की सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही?

तर आता किल्ली. दाखला तू चार वेळा मागितलास, चारही वेळा मी 'शोधतो' म्हणालो. महापालिकेतून नवी प्रत काढते म्हणालीस, तर 'कशाला हेलपाटा, सापडेल' म्हणालो. तो हरवलाच नव्हता. ज्याची किल्ली माझ्या जानव्याला असते त्या कपाटात, हिमांशूच्या मार्कशीटांच्या फाइलमध्ये होता. पुण्याच्या शाळेत प्रवेशाची मुदत तीस तारखेला संपते, हे मला माहीत होतं. मुदत टळली की मनू आणखी एक वर्ष इथं राहील, एवढंच मी बघत होतो. आणखी एक. तू संध्याकाळी फोन करायचीस तेव्हा 'झोपली' म्हणायचो, त्यातल्या निम्म्या वेळा ती जागी असायची. माझ्या शेजारी.

सुट्टीत तिला पाठवशील का, हे आज विचारत नाही. तो अर्ज करायचा हक्क मी सध्या घालवला आहे.

ती वाटी अजून कपाटाखाली आहे. तुझ्या सासूबाई झाडताना उचलतात आणि पुन्हा तिथंच ठेवतात. आज पाणी आल्यावर मनूनं ती खऱ्या पाण्यानं भरायला लावली.

तुझ्या खालच्या ओळीतला,
आप्पा

सोबत: जन्मदाखला, मूळ प्रत, एक. झेरॉक्स काढून ठेवलेली नाही.