मघाच्या प्रश्नाचं उत्तर

११ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. बाबांचा गुडघा सोडला तर इकडे सगळं बरं आहे. तू कशी आहेस हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. तरी विचारतो. तुझा नंबर लागत नाही, म्हणून तुझ्या पत्रांवरच्या पत्त्यावर लिहितोय. अजून तिथेच असशील अशी आशा आहे.

हा तिसरा कागद. आधीच्या दोन्हींवर खाडाखोड झाली. तू म्हणायचीस, खोडलेलं दिसू दे की, माणसाने लिहिलंय हे तरी कळतं. मला अजून ते जमत नाही.

मी त्याच औषधांच्या गोदामात आहे. दहावीत शाळा सुटलेल्या भावाला तू कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायला शिकवलंस, त्याचाच आज पगार मिळतो. काउंटरवरची माणसं औषधाच्या नावाची अक्षरं टाइप करत जातात आणि खाली यादी येते. माउस नाही, चित्रं नाहीत. साठ्याची मोठी यादी मागच्या इमारतीतल्या मशीनवर आहे, त्यामुळे उत्तराला दोन-तीन सेकंद लागतात. पूर्वी तेवढा वेळ पडदा गोठायचा, चुकलेलं अक्षर खोडताही यायचं नाही. गेल्या महिन्यात मी ते बदललं. शोध त्याचा तो मागे चालू राहील, तोवर बोटं मोकळी. साहेबांनी पाठ थोपटली. मी दोन दिवस हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मावशींनी मला हाक मारली. त्यांनी आधी तीन अक्षरं टाइप केली होती, मग भरभर आणखी दोन. पाच अक्षरांचं उत्तर आधी आलं, बरोबर आलं. तीन अक्षरांची यादी लांबलचक, ती रेंगाळत आली आणि बरोबर उत्तराच्या जागी जाऊन बसली. त्यांनी तेवढ्यात एंटर दाबलं आणि भलत्याच औषधाची चिठ्ठी निघाली. त्यांनी खोक्यावरचं नाव वाचलं म्हणून निभावलं.

"मी विचारते एक आणि हा सांगतोय मघाचंच," त्या म्हणाल्या. "घरी एक असा आहे तेवढा पुरे आहे मला."

सगळे हसले. मी तसाच माझ्या मशीनकडे धावलो.

उपाय फार मोठा नव्हता. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यायचा. उत्तर आलं की ते कोणत्या क्रमांकाचं आहे ते पाहायचं, आणि प्रश्न जुना झाला असेल तर उत्तर दाखवायचंच नाही. दुपारपर्यंत झालं. मग डबा उघडून बसलो आणि घास तोंडात तसाच राहिला. तुझी दोन्ही पत्रं माझ्या पिशवीत असतात. ती काढली आणि तारखा पाहिल्या.

जूनमध्ये तू विचारलं होतंस, दहा दिवस सुट्टी आहे, घरी येऊ का? मी सविस्तर उत्तर लिहायला घेतलं, मनासारखं होईना, म्हणून आधी नुसतं कार्ड टाकलं: "ताई, सध्या नको. सविस्तर लिहितो." ते टाकलं सतराला. तुझं दुसरं पत्र अठराचं आहे. त्यात तू विचारलंस, उत्तर नाही, तर तुला पत्रं लिहीत राहू की नको?

म्हणजे माझं कार्ड तुझ्या हातात पडलं तेव्हा तुझा नवा प्रश्न निघून गेला होता. त्याखाली माझं "नको" जाऊन बसलं.

त्यानंतर तुझी एक ओळ आली नाही. नऊ महिने मी समजत होतो की, घरी येऊ नको म्हटल्यामुळे तू रागावलीस. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा वाटलं, एव्हाना कार्ड पोचलंच असेल; सविस्तर पत्र मीही पाठवलं नाही. टपाल आलं की आधी मी धावतो आणि बाकीच्यांची पत्रं वाटतो.

इथेच थांबलो असतो तर सगळा दोष टपालाचा झाला असता. पण ताई, ते पहिलं "नको"सुद्धा बाबांचं नव्हतं. मी त्यांना तुझं पत्र दाखवलंच नव्हतं. तू गेलीस त्या दिवशी ते दारात आणि तू पायरीवर, आणि मध्ये मी तुझी बॅग धरून. तसं पुन्हा उभं राहायची माझी छाती नव्हती. म्हणून परस्पर उत्तर देऊन मोकळा झालो.

परवा रविवारी दोन्ही पत्रं बाबांसमोर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग नको म्हणालं कोण?"

ते उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, आता दिवसभर बोलणार नाहीत. थोड्या वेळाने तिथूनच आवाज आला, "तिला सुट्टी परत कधी मिळते, ते विचार."

तर विचारतो. आणि तुझ्या जूनच्या प्रश्नाचं उत्तर: ये. दुसऱ्याचं: लिही, शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

बाबा म्हणाले, शेवटी चार ओळींची जागा ठेव, मलाही लिहायचंय. सकाळपासून पेन घेऊन बसलेत. अजून कागदावर फक्त "बाळ" एवढंच आहे. टपाल निघायची वेळ झाली, तरी पेन खाली ठेवत नाहीत. आहे तसंच पाठवतोय.

बॅग घ्यायला स्टँडवर येणारा,
तुझा भित्रा भाऊ

बाळ,