पूल धरणाऱ्या माणसाचा चहा

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर अजून रागावलेली मी एकटीच उरले असेन. बाकीच्यांनी तुमचा फोटो भिंतीवर लावला, त्याला हार घातला आणि तुम्हाला माफ करून टाकलं. मी नाही. विषय तुम्हाला क्षुल्लक वाटेल. त्या उन्हाळ्यात तुम्ही पलटणीतून रजेवर वडूजला आलात, काळी ट्रंक उघडलीत आणि धाकट्या भावाच्या हातात ते जाडजूड इंग्रजी चित्रकथांचं पुस्तक ठेवलंत. माझ्या हातात काळ्या बूटपॉलिशची डबी. "कॉन्व्हेंटात बूट चकाकले पायजेत," म्हणालात. अहो, घरात इंग्रजी येत होतं ते फक्त मला. त्याला अजून एबीसीडीचा पत्ता नव्हता. तरी पुस्तक त्याला आणि पॉलिश मला, ही कुठली लष्करी शिस्त?

आणि काय पुस्तक होतं ते! कुठल्याशा साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या मुलांनी टाकून दिलेलं तुम्ही उचलून आणलेलं. एकाच पुस्तकात कितीतरी गोष्टी. समुद्राच्या तळाशी आठ हातांच्या प्राण्याशी झुंजणारा पाणबुड्या, वाळवंटात विमान कोसळलेला वैमानिक, तोंडाला फडकं बांधून दरोडेखोरांचा माग काढणारी बाई, आणि सगळ्यांत आधी, मुखपृष्ठावरच, हिरवा झगा घातलेला उडता माणूस. मोडका रेल्वेपूल त्याने खांद्यावर पेललाय आणि वरून गाडी चाललीय. पानं सुटी झाली होती म्हणून तुम्ही दाभण घेऊन बसलात. पोतं शिवावं तसं, कडेपासून चांगलं आत, सुतळीचे टाके ओढून ओढून शिवलंत. तुमच्या हातून काही ढिलं राहणं शक्यच नव्हतं. पण त्यामुळे पुस्तक पुरतं उघडेना. डाव्या पानावरची शेवटची चौकट, जिथे गोष्टीचा निकाल लागतो नेमकी तीच, शिवणीत गडप.

गोठ्याच्या सावलीत आम्ही दोघं बसलोय. मी वाचतेय, तो माझ्या तोंडाकडे बघतोय. चौकट शिवणीत शिरली की मी थांबते, आणि तो लगेच, "मग फुडं काय झालं, आक्का? येत न्हाई व्हय वाचाय?" मला येत नाही? कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या मला? मी ठोकून द्यायचे. पूल धरून उभ्या माणसाला इंजिन ड्रायव्हर म्हणतो, "लय उपकार झाले, पावनं. च्या घ्या." आणि हिरवा गडी म्हणतो, "हात मोकळा न्हाई गड्या. तूच पाज." मग ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरतो, बशीत चहा ओततो, फुंकर मारून त्याला पाजतो, आणि मागे डब्यातली माणसं ओरडतात, "आवं, आदी गाडी तरी फुडं काढा!" धाकटा लोळायचा हसून. मला त्याचं हसू नको होतं, मला ते पुस्तक हवं होतं. रोज वाचून झालं की तो ते माझ्या हातातून काढून घ्यायचा आणि उशीखाली ठेवायचा. मालक ना तो!

मग शाळा उघडली, मी साताऱ्याला वसतिगृहात परत गेले. तुमची रजा अजून बाकी होती. आपलं बापलेकीचं असंच चालायचं. मी घरी असले की तुम्ही सीमेवर, तुम्ही घरी आलात की मी नन्सच्या ताब्यात. थोडेफार दिवस एकत्र मिळाले तर तुम्ही माझ्याशी हजेरी घेतल्यासारखं बोलायचात. ताठ उभी राहा. नंबर कितवा? बूट दाखव. मी दाखवायचे. तुम्ही मान हलवायचात. संपलं. पुढे मी जन्मभर कोर्टात स्टेनो म्हणून दुसऱ्यांची वाक्यं टिपून घेतली. आता निवृत्त आहे, आणि तुमची वाक्यं आठवायला बसले तर एका पानातही मावतील.

गेल्या महिन्यात धाकट्याच्या नातीच्या मुलाचं बारसं होतं म्हणून कुपवाडला गेले. धाकटा आता पणजोबा झालाय, त्याचं लेथचं वर्कशॉप मुलांनी घेतलंय, हा नुसता खुर्ची टाकून बसतो. जेवणं झाल्यावर पोरांनी त्याला घेरलं. त्याने कपाटातून ते पुस्तक काढलं. अजून आहे! तुमच्या टाक्यांसकट. आणि सांगायला लागला. पूल, ड्रायव्हर, बशी, फुंकर. शब्दन् शब्द माझा. पोरं हसतायत आणि हा लबाड म्हणतोय, "माझ्या आबांनी आणलेल्या पुस्तकातली गोष्ट हाय ही."

मला राहवलं नाही. म्हटलं, "असं काही नाहीये त्यात. ते मी रचलेलं आहे." कुणी लक्ष दिलं नाही. तेव्हा मी भावजयीकडे ब्लेड मागितलं, पुस्तक ओढून घेतलं आणि तिथले टाके कापले.

"आक्का! आबांचा टाका हाय त्यो!"

"आबांनीच घोळ घातला होता," मी म्हटलं आणि पान पुरतं उघडलं. चौकट अगदी नवी करकरीत, उन्हाचं तोंड न बघितलेली. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. गाडी सुखरूप जाते, पोलीस सलाम ठोकतात, हिरवा माणूस म्हणतो, "मी फक्त माझं कर्तव्य केलं," आणि उडून जातो. बस्स.

पोरांतली एक धिटुकली म्हणाली, "आज्जी, ह्ये बोअर हाय. आजोबांचीच भारी."

माझ्याच गोष्टीने मला हरवलं, आणि शाबासकी गेली त्याच्या खिशात. मी उठून ओसरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने तो काठी टेकत आला. "एवढं काय मनाला लावून घेती? तुला आबांनी आख्खी शाळा दिली. माझ्या वाट्याला एक पुस्तक आलं, ते बी मला वाचता येत न्हवतं." हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळलं म्हणून जळणं थांबत नाही. मग तो म्हणाला, "तू शाळेला गेलीस का, आबा मला रोज सांजच्याला बोलवायचे. म्हणायचे, त्ये पुलाचं सांग. मी तुझ्यावाणीच सांगायचो. च्या आला की लय हसायचे."

"तू सांगितलंस त्यांना, ती गोष्ट माझी म्हणून?"

"मला तरी कुठं ठावं हुतं? मला वाटायचं पुस्तकातच हाय."

म्हणजे तुम्ही हसलात, आबा. माझ्या वाक्याला, रोज, आणि मी तिकडे साताऱ्यात बूट घासत होते. पुस्तकाचं सोडा, ते त्याचं त्याला लखलाभ. हे हसू मात्र माझं होतं.

हे तुम्हाला धाडायची सोय नाही तेच बरं, नाहीतर पुढचं मी लिहिलंच नसतं. मी त्याला विचारलं, "कसे हसायचे रे?" त्याने काठी बाजूला ठेवली. आधी नुसते खांदे हलवले. मग नाकातून फसकन हवा सोडली. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली आणि डोळे पुसले. मी म्हटलं, "मला नीट दिसलं नाही, पुन्हा कर." त्याने पुन्हा केलं.

नीट दिसलं होतं, आबा.