परवान्यातली नववी अट

अबू रवाश
४ फेब्रुवारी

प्रिय शौकीदादा,

सलाम. तुझी तब्येत बरी असेल आणि खोकला गेला असेल, अशी आशा करते. आई ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन लावला की आई तो स्पीकरवर टाकते, शेजारची उम्म शाबान कान देऊन बसते, मग बोलायचं काय? म्हणून हे मत्रूहच्या बसवाल्याच्या हाती देतेय.

बातमी अशी की मी कासवांचा परवाना काढायला घेतलाय. हसू नकोस. बाबा मागे ठेवून गेले त्या जुन्या जोडीची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं मिळून गच्चीवर आता एकसष्ट कासवं झालीत. सगळी घरात अंड्यातून निघालेली. तरी परवान्याशिवाय एकही विकता येत नाही, आणि चोरून विकायचं नाही असं मी ठरवलंय.

पण कुठला परवाना, हेच कुणी धड सांगत नव्हतं. पहिला अर्ज मी भरला तो पोपट-चिमण्यांच्या दुकानाचा निघाला. दोन महिने त्यात गेले. दुसरा भरला तर कारकून म्हणाला, “बाई, हा तर प्रदर्शनाचा आहे. तुम्हाला कासवं दाखवायचीत की विकायचीत?” शेवटी डॉक्टर मदीहा भेटल्या. त्या प्राण्यांच्या डॉक्टर, शिक्का त्यांच्याच हातात. माणूस कडक, पण बसायला खुर्ची देतात. त्यांनी योग्य अर्ज दिला. त्यात प्रत्येक कासवाचे आई-बाप लिहायचे आहेत. आईने ऐकलं आणि म्हणाली, “माझ्या पोरांचे जन्मदाखले काढायला तुझ्या बापाला तीन वर्षं लागली, आणि कासवांना आजी-आजोबांसकट पाहिजेत!”

एक काम होतं. तुझ्या खटल्याच्या निकालाची प्रत पाठवशील? एका कागदाला जोडायची आहे. विशेष काही नाही.

अंजिराच्या बागेतलं काम कसं चाललंय? उन्हात टोपी घाल.

तुझी,
इन्शिराह


अबू रवाश
११ एप्रिल

प्रिय दादा,

प्रत मिळाली. कशासाठी हवी, हे तू विचारलंसुद्धा नाहीस. तुझी ती जुनीच सवय.

बागेचा मालक बाग विकतोय आणि बकरी ईदनंतर तू कायमचा घरी येतोयस, हे वाचलं. आईला वाचून दाखवलं. तेव्हापासून तिने तुझी खोली झाडायला काढली आहे. रोज वीतभर भिंत. मी म्हटलं, “अजून दीड महिना आहे.” तर म्हणते, “मला एक भिंत झाडायला दीड महिना लागतो.”

तपासणी झाली. डॉक्टर मदीहा गच्चीवर आल्या. एकेक कासव उचलून पोटाखालून पाहिलं, पाठीवर आकडे घातले, वाळूत पुरलेली अंडी मोजली. अंड्यावर मी पेन्सिलीने खूण करते, कारण वरची बाजू खाली झाली तर पिल्लू जगत नाही. ते पाहून त्या पहिल्यांदा हसल्या. “तुमच्या वह्या आमच्या कार्यालयापेक्षा नीट आहेत,” म्हणाल्या.

मग खाली चहा झाला. आईने मुलूखियाची पालेभाजी वाढायचा हट्ट धरला. वाढता वाढता बोलून गेली, “माझा मोठा येतोय ईदला. मग हिला एवढा व्याप एकटीला ओढावा लागणार नाही.” डॉक्टरांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात बोलावलं होतं. काय झालं ते सावकाश लिहीन.

दादा, एक सुचवू का? एवढी घाई करू नकोस. समुद्राची हवा तुला मानवते. दुसऱ्या बागेत काम मिळत असेल तर एखादा हंगाम अजून काढ. इकडे उन्हाळा फार आहे.

इन्शिराह


अबू रवाश
१९ मे

शौकीदादा,

तुझ्या पत्रात एकच ओळ होती. “तू मला येऊ नको म्हणतेयस का?”

हो. तेच म्हणत होते.

परवाना मिळाला. हिरवा शिक्का, वर माझं नाव. आईने तो उम्म शाबानच्या जावयाकडून काचेत बसवून आणला आणि ओसरीवर टांगला. गल्लीतल्या बायका पाहून गेल्या. त्यांच्यासमोर आई म्हणाली, “वाच ना सगळं मोठ्याने, इन्शिराह.” मी अटी वाचल्या. पहिली, दुसरी, वह्या ठेवण्याची, आकडे घालण्याची. आठवी वाचून थांबले.

“आठच?” आईने विचारलं.

“आठच.”

नववी अशी आहे: वन्यप्राण्यांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली कोणतीही व्यक्ती या पत्त्यावर राहणार नाही आणि काम करणार नाही. त्याच्याखाली माझी सही आहे. एप्रिलमध्ये कार्यालयात बोलावलं होतं ते यासाठीच. तुझ्या निकालाची प्रत जोडून मी लिहून दिलं, “माझा भाऊ शौकी या घरात राहत नाही आणि राहणार नाही.” माझ्याच अक्षरात, दादा.

आता ते लिहिते, जे आपण दोघांनी सहा वर्षांत एकदाही उच्चारलं नाही. ते पोतं माझं होतं. त्यात चाळीस कासवं होती, सरहद्दीवरच्या माणसाकडून घेतलेली, वाळवंटातून उचललेली. आखाती व्यापाऱ्याला घाई होती, माझी पिल्लं लहान होती, आणि मला एका हंगामात मोठं व्हायचं होतं. घरची म्हणून खपवणार होते. त्यातली निम्मी पोत्यातच गुदमरून मेली होती, तेही तुला माहीत नव्हतं. सकाळी पोलीस आले तेव्हा माझ्या ओच्यात कासवांचा पाला होता आणि तू अंगणात चहा पीत उभा होतास. अधिकाऱ्याने विचारलं, “हे कुणाचं?” मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, “माझं.” हातातला पेलाही खाली ठेवला नाहीस.

तुझे अठरा महिने गेले. नुहादच्या बापाने तिचं तुझ्याशी ठरलेलं लग्न मोडलं. तू सुटलास तो घरी न येता परस्पर मत्रूहला गेलास, आणि मी गच्चीवर अंड्यांना पेन्सिलीने खुणा करत राहिले.

पण हेही लिहू दे. तू मला विचारलं नव्हतंस. कुणी घर देतं, कुणी जमीन देतं. तू तुझं आयुष्य देऊन टाकलंस आणि मी नको म्हणायलाही जागा ठेवली नाहीस. त्या दिवसापासून मी त्यातच कोंडले गेले. खरं बोलावं तर तुझे अठरा महिने फुकट, गप्प राहावं तर रोज तुझ्या ताटाजवळून मान खाली घालून जायचं. आई अजून ते ताट घासून पालथं ठेवते. तुझा राग करायलाही मला तोंड नव्हतं. तरी करत होते.

गेल्या आठवड्यात डॉक्टर मदीहांकडे गेले आणि सांगितलं, “पोतं माझं होतं.”

त्यांनी उठून दार लावलं. “हे मी ऐकलंच नाही असं समजू?”

“नको. लिहून घ्या.”

“लिहून घेतलं तर परवाना आजच रद्द. कासवं आमच्याकडे जमा. तुमच्यावर खटला. आणि त्याने भोगलेले दिवस त्याला कोण परत देणार? मिळवलंत काय?”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर भाऊ दुसरीकडे खोली घेईल. लोक घेतात, बाई.” मग हळूच म्हणाल्या, “मी तुमच्या भल्याचं सांगतेय. घरी जा, विचार करा.”

मी घरी आले. न लिहिता आले, हे तुझ्यापासून लपवत नाही. तीन दिवस गच्चीवर गेले, पाला घातला, पाणी बदललं. एका अंड्यातून पिल्लू निघालं, बोराएवढं. त्याला बासष्ट आकडा द्यायचा होता. रंगाची काडी हातात घेतली आणि मला कळलं की मी मरेपर्यंत अशीच मोजत बसेन, आणि तू दुसऱ्याच्या बागेत म्हातारा होशील. काडी ठेवली, बुरखा चढवला आणि बस पकडली.

या वेळी दोन पानांवर लिहून दिलं. डॉक्टर मदीहांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि शिक्का मारला. परवाना रद्द. सोमवारी गाडी येईल. कासवं कुठे नेणार विचारलं, तर म्हणाल्या, आधी कोठारात, मग पाहू. वह्या सोबत पाठवायची परवानगी मात्र त्यांनी दिली. कुठलं कासव कोबीला तोंड लावत नाही, कुठलं दुसऱ्याला चावतं, सगळं त्यात आहे. कुणी वाचलं तर बरं.

खटला उभा राहील. वकील म्हणतो, तुझ्या निकालाची फेरतपासणी मागता येईल, पण खोटा कबुलीजबाब दिला म्हणून तुलाही प्रश्न विचारतील. तेव्हा तरी खरं सांग. माझ्यासाठी पुन्हा काही करू नकोस. हात जोडते.

आईला आज जेवण झाल्यावर सांगणार आहे. ती मला मारेल की जवळ घेईल, खरंच कळत नाही. बहुधा दोन्ही.

या पत्त्यावर आता कसलीही अट नाही. ईदची वाट पाहू नकोस, ये. मी घरी नसले तर लक्षात ठेव, आईला भात मऊ लागतो आणि ती स्वतःहून सांगत नाही.

ज्या पोत्याला तू आपलं म्हणालास, त्या पोत्याची मालकीण,
इन्शिराह