तुमच्या मानाने छान

११ एप्रिल, शुक्रवार

"तुमच्या मानाने छान बोलता हो मराठी!" — इति सुरेशकाका, इथे आखातात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. माझ्या मानाने म्हणजे? रत्नागिरीत जन्मले, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. अफशां नाव ऐकलं की लोकांना कौतुकाचा उमाळा येतो!

वर महाराष्ट्र दिनाच्या निवेदनाचे छापील कागद हातात ठेवले. एकही इंग्रजी शब्द नको म्हणाले. अरबी तर नकोच नको. मी दिवसभर हमद पोर्टला कंटेनर सोडवते. तिथे क्लिअरन्स, डिले आणि अरबी यल्ला, म्हणजे चला-चला, यांच्याशिवाय पान हलत नाही. घरी येऊन जीभ बदलून बसवू?

१५ एप्रिल

कागद वाचून पाहिले. 'रसिकजनहो'पाशीच अडकले. नाही वाचणार!

१८ एप्रिल, शुक्रवार

तालीम काकांच्या घरी, फरीज बिन ओमरानला. मी "टाइम झाला" म्हटलं, तर "वेळ." माइक म्हटलं, तर "ध्वनिक्षेपक." सारखं टोकल्यावर मी गप्प बसले. मी!

त्यांची मुलगी नुपूर अकरावीत आहे. बापाशी सगळं इंग्रजीत. हिला मराठी येतच नाही, काका म्हणाले, आणि चेहरा पडला त्यांचा.

तीच नुपूर मला खाली सोडायला आली. लिफ्टचं दार लागलं मात्र, अशी सुटली मराठीत! शाळा, मैत्रिणी, टीचरची नक्कल. मी बघतच राहिले. घरी का नाही बोलत, विचारलं.

"आंटी, बाबा प्रत्येक सेंटेन्सला थांबवतात. इंग्लिशमध्ये नाही थांबवत."

इतका राग आला! तिथेच विचारलं, माझ्याबरोबर स्टेजवर येशील? अशीच बोलायला? घाबरली. पण नाही म्हणाली नाही.

२५ एप्रिल

नुपूरच्या व्हॉइस नोट रोज येतात. बारावीनंतर इंजिनिअरिंग नको आहे तिला. बाबांना कसं सांगू, म्हणते.

काकांना फोन केला. कागद वाचणार नाही, माझ्या तोंडची मराठी बोलेन, पटत नसेल तर दुसरं कुणी बघा. अशाने भाषा बिघडते, म्हणाले. मी म्हटलं, बिघडू दे, घरात तरी राहील. खलास! त्यांनी फोन ठेवला. नंतर मेसेज आला — ठीक आहे. दुसरं कुणी मिळालं नसणार.

२ मे, शुक्रवार

झाला कार्यक्रम! इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून एक दिवस उशिरा. हवं तसं बोलले. हॉलमधली पोरं मोबाइल सोडून ऐकत होती. शेवटी नुपूरला बोलावलं. "नाशिकचे कझिन्स माझ्या मराठीला हसतात. हसू देत, मी बोलणारच," इथून सुरुवात केली आणि थांबलीच नाही. चुकली, लोक हसले, तीही हसली.

काका पहिल्या रांगेत होते. टाळी वाजवली नाही. नका वाजवू!

३ मे

सकाळीच काकांचा फोन. मी भांडायच्या तयारीने उचलला. तर ते हळूच, "ती तुमच्याशी नेहमी बोलते? मराठीत?"

हो म्हटलं.

"काय काय बोलते हो?"